उजव्या हाताचा व्यायाम

डेंटरचा उजवा हात लुळा पडला तेव्हा त्याच्या बायकोच्या मनात पहिल्यांदा काय आलं? सुटले बाई एकदाची, असं आलं. खोटं कशाला बोलायचं? दवाखान्यात खाटेशेजारी उभी राहून ती रडत होती, नर्स तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, डॉक्टर मेंदूतल्या गुठळीबद्दल काहीतरी समजावून सांगत होते, आणि ही बाई रुमालात तोंड खुपसून मनात म्हणत होती, पाय गेला तर जाऊ दे, वाचा गेली तर जाऊ दे, पण हात गेला हे फार बरं झालं.

तो हात तिच्या चांगलाच ओळखीचा होता. गाड्यांच्या पत्र्याला पडलेले पोचे काढण्यात डेंटरचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. पत्र्याच्या आतल्या अंगाला लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने ठोकायचं, मधूनच तळवा ओला करून डोळे मिटून पत्र्यावरून फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खड्डा त्याच्या तळव्याला लागायचा. आणि संध्याकाळी घरी आला की त्याच हाताने बायकोला बडवायचा. तेही हिशेबात. दंडावर, पाठीत, मांडीवर, कपड्यात झाकलं जाईल तिथे. तोंडाला हात लावायचा नाही हा त्याचा नियम. एकदाच चुकला आणि कानशिलात बसली, तेव्हापासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. चहा निवला, मार. चारचौघांत उलट बोलली, मार. गिऱ्हाईक काम परत घेऊन आलं, तरी मार हिलाच. आणि सगळं झालं की खाटेवर बसून म्हणायचा, "हात उठला गं, काय करू." जसा काही तो हात शेजाऱ्याचा होता.

गल्लीत तिला डेंटरीण म्हणत. डॉक्टरची बायको डॉक्टरीण, तर डेंटरची डेंटरीण, असा विनोद पेंटरने केला आणि तो तिला जन्माचा चिकटला. पेंटर हा डेंटरचा भागीदार. एकाने पोचा काढायचा, दुसऱ्याने वर लांबीचा लेप भरायचा, घासायचं, रंग मारायचा, की गाडी कोरी करकरीत. पेंटर एकटा जीव, गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायचा. डेंटर पडला त्या दिवशी त्यानेच त्याला उचलून गाडीत घातलं होतं. बाकी एक लेक, ती लग्न होऊन लांब गेलेली, तिची सोबत फोनवरच.

दवाखान्यातून घरी आणला तो अर्धा माणूस. उजवा पाय ओंडक्यासारखा, उजवा हात मांडीवर ठेवाल तिथे पडून, तोंड एका बाजूला उतरलेलं. पाणी म्हणायला गेला की नुसता "प... प" निघायचा. पण शिवी? शिवी मात्र अशी खणखणीत यायची की रेडिओवरचा निवेदक लाजावा. "हलकट", "हरामखोर", "तुझ्या बापाचं", एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्यांचं कपाट मेंदूत निराळं असतं. डेंटरीण म्हणाली, आमच्याकडे ते आधीपासूनच मोठं आहे.

शिव्यांनी भागेना म्हणून तो वस्तू फेकायला लागला. ताट, कप, औषधाची बाटली, भांडंभर गरम दूध. डाव्या हाताचा नेम मात्र भिकार होता. भिंतीला डाग पडले, कपाटाची काच गेली, एकदा चमचा तिच्या भुवईवर लागून रक्त आलं, तोही खिडकीवर फेकलेला होता. पण तो डावा हात जवळून पकडायला मात्र पटाईत झाला. तोंड पुसायला वाकली की केस मुठीत धरून खाली ओढायचा, डोकं खाटेच्या दांडीवर आपटायचा. दोनतीनदा आपटून घेतल्यावर ती शहाणी झाली. त्याच्या उजव्या बाजूनेच जायची. भरवायचं उजवीकडून, पुसायचं उजवीकडून, कूस बदलायची तीही उजवीकडून. मेलेल्या हाताच्या बाजूला तिला काही भीती नव्हती.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, फिजिओ. लेकीच्याच वयाची, अंगाने काडी, पण एवढ्या आडदांड माणसाला खाटेवरून सहज उभं करायची. तिने पहिल्या दिवशीच पाहिलं आणि खूश झाली.

"काकू, तुम्ही काकांच्या उजव्या बाजूला उभ्या राहून बोलता, हे फार छान करता. लुळ्या बाजूकडे लक्ष वेधायचं असतं. लोकांना सांगून सांगून थकते मी."

"जमेल तसं करते, मॅडम," डेंटरीण म्हणाली. दुसरं काय सांगणार होती, कपाळ?

फिजिओने व्यायाम शिकवले. पायाचे, खांद्याचे, कोपराचे, बोटांचे. सकाळ-संध्याकाळ करायचे. डेंटरिणीने पायाचे सगळे केले, अगदी मन लावून. टाच धरून गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, पलंगाच्या कडेला बसवून उठवायचं, बसवायचं. घाम गळायचा तिचा. कारण साधं होतं. पाय सुधारला तर तो आपला आपण संडासाला जाईल, हिच्या हातचा घाणीचा व्याप जाईल. पण हाताची वेळ आली की ती उठायची. चादर झटकायची, खिडकी उघडायची, आणि हात राहिला तो राहिलाच. लोक म्हणत, धन्य तिची, नवऱ्यासाठी जिवाचं रान करतेय. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

लेकीचा फोन आला. लेक लहानपणी पलंगाखाली लपून सगळं बघत मोठी झालेली. तिने आधी औषधं विचारली, मग पाय विचारला.

"आई, हात कसा आहे?"

"तसाच."

"तसाच राहू दे," लेक म्हणाली.



पण हात तसा राहिला नाही. इथेच डेंटरिणीची चूक झाली, आणि असली चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीही नसती. तिला वाटलं होतं, हाताला हात लावला नाही की तो असाच मऊ, निपचित पडून राहील. तर बोटं हळूहळू आत वळायला लागली. मनगट वाकलं, कोपर आखडलं, हात आपोआप छातीपाशी वर आला आणि त्याची मूठ झाली. घट्ट, पांढऱ्या सांध्यांची, अंगठा आत दाबलेली मूठ. झोपेतसुद्धा सुटायची नाही. ती भरवायला बसली की ती मूठ तिच्या तोंडासमोर. पुसायला वाकली की तिच्या गळ्याशी. एक उजवी बाजू तेवढी बिनभीतीची होती, तीही आता गेली. मेलेला हात जन्मभरासाठी उगारून बसला होता म्हणा ना.

"हाताचा व्यायाम होतोय ना काकू?" फिजिओने मूठ बघून विचारलं.

"होतो की."

व्यायाम होत नाही हे फिजिओला कळलं असावं.

एवढ्यात डेंटरचं फेकणं थांबलं. शिव्याही थांबल्या. डेंटरिणीला आधी बरं वाटलं, घर शांत झालं. मग तिच्या लक्षात आलं की ही शांतता बरी नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवण समोर ठेवलं तर बघायचाही नाही. पेंटर येऊन गॅरेजच्या गोष्टी सांगायचा, कोणाची गाडी आली, कोणाचं दार चेपलं, तर डोळे मिटून घ्यायचा. एकदा पेंटर हौसेने त्याची हत्यारांची पिशवी घेऊन आला, म्हणाला, बघून तरी त्याला उभारी येईल. पिशवी खाटेखाली ठेवून गेला. कसली उभारी आणि कसलं काय.

दुपारची गोष्ट. डेंटरीण मोरीत कपडे धूत होती. आतून ठक्, ठक् असा आवाज आला. तिला वाटलं, बाहेर कोणी खिळा ठोकतंय. मग मध्येच आवाज ओला यायला लागला. ती मोरीच्या दारात आली.

डेंटर जमिनीवर बसला होता. उजवा हात त्याने खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला होता, आणि डाव्या हाताने खाटेखालच्या पिशवीतली हातोडी घेऊन तो त्या मुठीवर घाव घालत होता. नेम नव्हताच. एक घाव लाकडावर, एक मनगटावर, एक बोटांवर. करंगळीचं नख उडालं होतं, मुठीच्या खाचांतून रक्त येऊन उंबऱ्यावरून खाली ठिबकत होतं, आणि मूठ मात्र सुटत नव्हती. तोंडातून त्याच्या आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

ती लगेच धावली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तिने स्वतःच ते सांगितलं. ती दारात उभी राहिली, ओले हात तसेच धरून, आणि तिला वाटलं, फोड. फोड एकदाचा तो हात. आणखी एक घाव पडला, हाड वाजलं, तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला. मारताना त्याचा असाच चेहरा व्हायचा, दात आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या. फरक एवढाच, की या वेळी मार खाणाराही तोच होता. तेव्हा कुठे तिने जाऊन हातोडी धरली. त्याने ओढली, तिने ओढली. त्याने तिच्या दंडाला चावा घेतला, तिने सोडली नाही. शेवटी तो तिच्या अंगावर कोसळला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"म... मार," तो म्हणाला. "मार मला."

हात दवाखान्यात बांधून आणला. एक बोट मोडलं होतं, बाकी निभावलं. मनाचे डॉक्टर बघून गेले, गोळ्या दिल्या. बोट जुळल्यावर फिजिओ आली आणि डेंटरिणीला स्वयंपाकघरात घेऊन बसली.

"काकू, स्पष्ट बोलते. असा झटका आलेल्या माणसाचं मनही पडतं. काकांचं पार खचलंय. गोळ्या आहेतच, पण त्यांना घाम येईल असं काहीतरी रोज करावं लागेल. हाताला काही जमतंय असं दिसलं नाही, तर पुढच्या वेळी ते हातोडी हातावर नाही, डोक्यात घालून घेतील. आणि मूठ उघडली नाही तर नखं तळव्यात रुततील."

 त्या माणसाने मरावं असं डेंटरिणीला कितीदा वाटलं होतं. पण आपण भांडी घासत असताना पलीकडच्या खोलीत त्याने मरावं, आणि ते आपण हात सोडून दिला म्हणून, हे तिला झेपणारं नव्हतं. एकीकडे हात सुधारला तर मार आपल्याला, दुसरीकडे नाही सुधारला तर जीव त्याचा. बरं, हे सांगायचं कुणाला?

"दाखवा," ती म्हणाली.

फिजिओने दाखवलं. आधी मनगट खाली वाकवायचं, म्हणजे बोटं जरा सैल पडतात. मग अंगठा बाहेर काढायचा. मग बोटं, एकेक, ओढाताण न करता. डेंटरिणीने मूठ हातात घेतली. अंगठा सुटला. करंगळी सुटली. आतून आंबूस वास आला, तळव्याला नखांच्या तीन लाल कोयऱ्या पडलेल्या. एवढी वर्षं संसार केला, पण ती मूठ तिने कधी उघडून पाहिली नव्हती. आत माणसाचाच तळवा होता.

मग रोज चालू झालं. कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचा, मूठ उघडायची, तळवा टेबलावर पसरून त्यावर त्याचंच वजन टाकायला लावायचं. त्याला दुखायचं. तो डाव्या हाताने तिला ढकलायचा, गुद्दे घालायचा, एकदा मान धरली ती फिजिओची चाहूल लागली म्हणून सोडली. शिव्या परत आल्या. फिजिओ म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे, राग येतोय म्हणजे जीव धरतोय. डेंटरीण म्हणाली, हो का, मग आता लवकरच ठणठणीत होतील.

खरा फरक पडला तो गाडीच्या दाराने. ती अक्कल फिजिओची. तिने पेंटरला सांगून चेपलेलं एक दार घरी आणवलं, लाकडी घोडीवर उभं केलं, डेंटरला स्टुलावर बसवलं, आणि हलकी हातोडी त्याच्या उजव्या हातात देऊन वरून पट्टीने बांधून टाकली.

"आतून ठोकळा कोणी धरायचा?" पेंटरने विचारलं.

"काकू धरतील," फिजिओ म्हणाली. "रोज इथे असणाऱ्या त्याच आहेत."

डेंटरीण दाराच्या मागे जाऊन बसली. लोखंडी ठोकळा तिने पत्र्याला लावला. पलीकडून पहिला घाव पडला, अगदी पिचका, तरी पत्र्यातून ठोकळ्यात आणि ठोकळ्यातून तिच्या तळव्यात तो नीट पोचला. तिचं अंग शहारलं. दुसरा पडला. खांदे आपोआप कानांपर्यंत वर आले. प्रत्येक घावाला ती डोळे मिटत होती, आणि दाराच्या पलीकडे तिचा नवरा हसत होता. किती दिवसांनी हसत होता.

सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक. ठोकण्याच्या आवाजाने शेजारपाजारचे वैतागले, पण बोलले नाहीत, कारण डेंटर जेवायला लागला होता. खरंच लागला. ताट पुसून खायचा. पेंटर आला की तुटक्या शब्दांत त्याची चेष्टा करायचा, "रंग... मार... लपव." रात्री झोपायचा. पट्टी सुटली, हातोडी बोटांनी धरता यायला लागली. पोचा वर यायला लागला. "घट्ट," तो पलीकडून म्हणायचा, "खाली... थोडं... हां," आणि ती ठोकळा सरकवायची. तिलाही ते जमायला लागलं. घाव कुठे पडणार ते तिला आधी कळायचं. तिच्या दंडात ताकद आली, बोटांना घट्टे पडले. मधूनच तो उठून, काठी टेकत, तिच्या बाजूला यायचा आणि तिचा तळवा आपल्या हाताने धरून पत्र्यावरून फिरवायचा, इथे बघ, इथे अजून आहे. एवढ्या मायेने त्याने तिला कधी हात लावला नव्हता. तिला आवडायचं ते. मग लाज वाटायची. आणि रोज हातोडीचा घाव कालच्यापेक्षा जड यायचा, तो तिच्याइतका कुणाला कळणार?

लेकीने फोनवर विचारलं, "हात?"

"सुधारतोय," ती म्हणाली.

लेकीने फोन ठेवून दिला.

त्या दिवशी दार पुरं व्हायचं होतं. कडेचा शेवटचा पोचा, अवघड जागी. डेंटर सकाळपासून घुसमटत होता. दोनदा हातोडी हातातून निसटली, शब्द तर एकही मनासारखा येत नव्हता. डेंटरिणीचा ठोकळा घामाने सरकला. घाव रिकाम्या पत्र्यावर पडला आणि पत्रा आत गेला. इतक्या दिवसांचं काम एका फटक्यात वाया.

डेंटर उठला. काठी न घेता उठला. दाराच्या या बाजूला आला, आणि त्याचा उजवा हात, खांद्याच्या वर कधी जात नव्हता तो, सरळ वर गेला आणि तिच्या गालावर खाली आला.

जोर नव्हता. पूर्वीच्या मानाने थोबाडीत म्हणायलाही लाज वाटावी. पण तिचा चेहरा फिरला, दात जिभेवर आपटले, तोंडात रक्ताची चव आली. आणि ती त्या चवीने सुन्न होऊन उभी असताना तिने पाहिलं, डेंटर आपल्या हाताकडे बघत होता. त्याचे डोळे चमकत होते.

"गेला," तो म्हणाला. "वर गेला! बघ... बघितलंस? वर!"

तो आनंदाने रडत होता. तिचा खांदा हलवत होता, तिने हसावं म्हणून. तिचं तोंड रक्ताळलंय हे त्याला दिसत होतं, आणि तरी तिने टाळ्या वाजवाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. तिने ठोकळा खाली टाकला आणि रिकाम्या हाताने त्याच्या मुस्काटात हाणली.

काय बसली ती. इतके महिने त्याच्याच घावांवर तयार झालेला हात तो. डेंटर भेलकांडला, लुळा पाय वळला, स्टुलाला घेऊन तो जमिनीवर आडवा झाला. तिने आणखी एक दिली, पडलेल्याला. मग आणखी एक, पाठीत. मग केस धरले. डावा हात वर करून तो तोंड झाकत होता, आणि तिला इतकं बरं वाटत होतं, इतकं हलकं वाटत होतं, की तिने चौथ्यांदा हात उगारला आणि तसाच धरला. समोर एक म्हातारा होत चाललेला माणूस कोपरात तोंड लपवून "नको... नको" म्हणत होता. हे ती पूर्वी म्हणायची, अगदी याच आवाजात.

 तिने स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसली.

"ऊठ," ती म्हणाली.

लग्नापासून अहोजाहो करणारी बाई. डेंटर चमकून बघायला लागला.

"धर," तो म्हणाला.

"मी हात लावणार नाही. ऊठ. आधी कुशीवर ये. उजवा तळवा जमिनीवर टेक. मूठ नको, तळवा. आता वजन टाक. गुडघा आत घे."

तो दोनदा पडला. नाकातून पाणी, तोंडातून लाळ, गालावर तिची बोटं उमटलेली. तिसऱ्यांदा उजव्या तळव्यावर सगळं अंग पेलून तो गुडघ्यावर आला, घोडीला धरून उभा राहिला आणि पलंगावर जाऊन बसला. धापा टाकत होता.

फिजिओ यायची वेळ झालीच होती. ती आली, पडलेला ठोकळा, दोघांची तोंडं, सगळं बघून दारातच थांबली.

डेंटर तिला घाईघाईने सांगायला लागला. हात वर गेला. खांद्याच्या वर गेला. थांब, दाखवतो. त्याने डोळे मिटून जोर लावला, मानेच्या शिरा ताणल्या. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. परत लावला. तेवढाच. "तू... सांग," तो बायकोला म्हणाला.

"गेला होता वर," डेंटरीण म्हणाली. "मला मारायला गेला होता."

बोलून झालं. एवढंच वाक्य, पण ते तिने आजपर्यंत कुणासमोर काढलं नव्हतं. फिजिओने तिच्या ओठाकडे पाहिलं, मग डेंटरच्या गालाकडे.

"रागात असा हात आपोआप उठतो कधीकधी," फिजिओ हळूच म्हणाली. "तो मनाने उचललेला नसतो."

"हेच लग्न झाल्यापासून ऐकतेय, मॅडम."

फिजिओचा चेहरा पडला. तिला सगळं एकदम उलगडलं असावं. "काकू, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात सुधारला नसता?"

"सुधारला असता. ते माझं कामच आहे. पण ठोकळा तुमच्या हातात दिला नसता."

डेंटरिणीला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. उंबऱ्यावर तो हातावर घाव घालत होता तेव्हा आपण उभ्या राहिलो होतो तेही सांगितलं, आणि आजचंही सांगितलं. "मीही मारलं त्याला. पडला तरी मारलं. आणि मॅडम, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तो मला मारेल याचं भय होतं, आता मी त्याला मारीन याचं आहे. तो पळूसुद्धा शकत नाही. मी इथे त्याच्याबरोबर राहिले तर थांबणार नाही, हे मला आजच कळलं."

डेंटर मान खाली घालून ऐकत होता. त्याने शिवीसुद्धा दिली नाही.

पेंटरला बोलावून घेतलं. डेंटरीण म्हणाली, याला तुमच्या खोलीत न्या. गॅरेज आहे, हत्यारं आहेत, पत्रा आहे, याचं मन तिथेच लागेल. व्यायाम घ्यायला मॅडम तिकडे येतील.

पेंटर चपापला. एकदा डेंटरकडे, एकदा तिच्या ओठाकडे बघून म्हणाला, "वहिनी, असं एकदम... मला माहीत होतं थोडंफार, पण म्हटलं घरातली बाब."

"माहीत होतं ना? गॅरेजमध्ये त्याने मला हातोडीच्या दांड्याने मारलं, तेव्हा तुम्ही पलीकडे पॉलिश पेपर घासत होतात. थांबला नाहीत. उलट जोरात घासायला लागलात." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माहीत होतं म्हणूनच तुमच्याकडे पाठवतेय."

पेंटर खाली बसला, पलंगाच्या पायाशी. मग त्याने डेंटरची मूठ आपल्या हातात घेतली. रागाने, रडण्याने ती परत दगडासारखी आवळली होती. त्याने एक बोट धरून पाहिलं, हललं नाही.

"फार घट्ट आहे हो. एकदा तुम्हीच करून दाखवा ना."

"नाही." ती भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. "आधी मनगट खाली वाकवा. हां. आता अंगठा बाहेर काढा. सावकाश. मग करंगळी."

डेंटर पेंटरकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ बराच वेळ हलले, आणि मग शब्द स्वच्छ आला.

"येशील?"

"नाही," ती म्हणाली. पेंटर बोटाला हिसका देत होता, तिकडे तिचं लक्ष गेलं. "ओढू नका असं. दुखतं त्याला."